सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न

३ जुलै, बुधवार. लोहारा

कामाच्या कागदांवर फक्त खुणा, आकडे आणि सह्या चालतात. बाकीचं मनात राहतं आणि मग मला झोप येत नाही. म्हणून ही वही.

सोलापूरच्या एका रुग्णालयात आमवाताच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. निरोगी माणसांना देऊन झालं. आता पहिल्यांदाच आजारी माणसांना द्यायचं, तेही आठच जणांना. आठही आमच्या लोहारा तालुक्यातले. गुण येतो का हा प्रश्न नंतरचा. सध्या एकच बघायचं, की अपाय होत नाही ना. सुई सोलापुरात देणार. घरोघर जाऊन विचारायचं आणि लिहायचं काम माझं.

औषध म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं प्रतिपिंड. सांधे सुजवणारा एक निरोप शरीरात सारखा फिरत असतो, हे त्याला वाटेतच धरून ठेवतं. पण जंतूंशी लढायलाही तोच निरोप लागतो. अंगात कुठं जुना क्षय निजलेला असेल तर तो या औषधानं उठू शकतो. रक्त तपासतातच, पण वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या खाल्लेल्यांची ती तपासणी कधी कधी फसते. म्हणून प्रत्येकाला विचारायचं: घरात कधी कुणाला क्षय झाला होता का?

आज सास्तूरला द्वारकामावशींकडं गेले. वय बावन्न, आठ वर्षं बोटं आखडलेली. अंगणात गर्दी होती. त्यांच्या धाकट्या लेकीला, अर्पिताला, बघायला तुळजापूरहून पाहुणे आले होते. मी परत फिरत होते तर मावशीच म्हणाल्या, "बस की गं, दुकानदाराची लेक ना तू? चहा घे. काय इचारायचं ते इचार, हितं कोन परकं हाय?"

मी सगळे प्रश्न मोठ्यानं, स्पष्ट विचारले. क्षयाचा प्रश्न आला तेव्हा मावशी पाहुण्यांच्या कपांकडं बघून हसल्या. "आमच्यात? न्हाई बाई. आमच्यात समदी धडधाकट."

अकरा माणसं साक्षीला होती. मनाला बरं वाटलं.

ही अप्पांची शिकवण. शाळेच्या नावानं मला ताप यायचा, म्हणून तिसरीपर्यंत माझी शाळा आमच्या किराणा दुकानातच भरली. अक्षरं शिवकांता आत्यानं गिरवून घेतली, पाढे अप्पांनी. गिऱ्हाइकं उभी असताना मोठ्यानं म्हणायचे. अप्पा म्हणायचे, चारचौघांत म्हणता येतं तेवढंच तुला येतं.

१५ जुलै, सोमवार

आठही जणांना सुई दिली. एकेकाला तासाच्या अंतरानं, म्हणजे काही झालं तर पुढच्याला थांबवता येतं. मी प्रत्येकाच्या उशाशी बसून दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहीत होते. खिडकीचे पडदे निळे होते आणि वॉर्डात पाण्याखाली असल्यासारखा उजेड होता. मावशींना डुलकी लागली. झोपेत त्यांची बोटं हलत होती, जणू कुणाची तरी वेणी घालतायत.

बारा आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, दुसरी सुई. पहिलीच्या तिप्पट. तोवर माझ्या कागदांवर काही वावगं आलं नाही तरच. म्हणजे ती तिप्पट सुई मावशींच्या दंडात जायची की नाही, हे माझ्या अक्षरांवर ठरणार आहे.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी डोळा लागला आणि स्वप्न पडलं. भूकंपानंतर बसवलेल्या सास्तूरच्या नव्या वसाहतीतल्या सरळ गल्ल्या होत्या, सारखी घरं, मधे नको तेवढी मोकळी जागा. एक माणूस चिठ्ठ्या घेऊन धावत होता. दर वळणावर कुणीतरी त्याला प्रेमानं मिठी मारत होतं आणि तो तिथंच थांबत होता. कुठलीच चिठ्ठी कुठं पोचत नव्हती. गाव शांत, लख्ख. फक्त टोकाच्या एका घरात कुणीतरी अंथरुणावर उठून बसलं आणि त्यानं हळूच कडी काढली.

जाग आली तेव्हा छान वाटत होतं. औषध अंगात असंच चालत असेल.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मावशींची मूठ वळली! त्यांनी माझ्यासमोर शेंगदाण्याचा कूट चिमटीत धरून दाखवला. मग माझ्या गालाला चिमटा काढला, चांगला जोरात. "दुखलं का? दुखू दे. आठ वर्सांनी चिमटा काढलाय."

गुणाचं मला लिहायचं नसतं. तरी घरी येऊन आत्याला सांगितलं, नाव न घेता. मी घरी कुणाचंच नाव घेत नाही, तो नियमच आहे. आत्याची बोटं मावशींपेक्षा वाईट आहेत. माझी नातेवाईक म्हणून तिला चाचणीत घेता येत नाही. ती म्हणाली, "येईल गं बाजारात. तोवर काय, ह्या बोटांना दुसरं काम न्हाई." आणि चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून प्यायली.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सास्तूर. नेहमीप्रमाणं ठीक दहाला पोचले. आजवर एकदाही माझी वेळ चुकलेली नाही. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून सून समृद्धी रोज तक्त्यावर खुणा करते. ताप नाही, खोकला नाही, पुरळ नाही. इतका स्वच्छ तक्ता आठांत कुणाचाच नाही.

हातांवरची सूज तर पार गेली आहे. पूर्वी बांगड्या मनगटात रुतायच्या, आता कोपरापर्यंत घरंगळतात. चेहराही कसा कोवळा दिसतो. म्हटलं, "मावशी, तुम्ही तरुण दिसायला लागलात." समृद्धी एकदम आत निघून गेली. मावशी म्हणाल्या, "लगीन हाय ना पोरीचं. दिवाळी झाली की. तवा आईबी बरी दिसाया पायजे."

तुळजापूरच्या त्याच पाहुण्यांकडं जमलं.

२५ सप्टेंबर, बुधवार

तुळजापूरला देवी निजली. घटस्थापनेपर्यंत ती पलंगावर असते, तोवर मावशींच्या घरात कुणी पलंगावर पाठ टेकत नाही. पलंग भिंतीला उभे केलेले, गाद्या गुंडाळलेल्या. माणसं हळू बोलतात, भांडी हळू ठेवतात. सुरज, त्यांचा मुलगा, मोटारसायकलसुद्धा गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेतो. दहाच्या उन्हातही त्या घरात पहाट असल्यासारखं वाटलं. मीही कुजबुजतच प्रश्न विचारले.

बाकी सगळे ओसरीत जमिनीवर झोपतात. मावशी मात्र एकट्या, मागच्या पत्र्याखाली, कडब्याजवळ. त्यांचा कपही वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. घरातल्या मोठ्या बाईला नेम जास्त कडक असतात हे मला माहीत नव्हतं. फार हेवा वाटला. माझ्यानं असा नेम आठ दिवससुद्धा निभणार नाही.

एकदा पदरात खोकल्या. मी लगेच विचारलं. समृद्धी म्हणाली, "भुसा उडतोय कडब्याचा." मी लिहिलं: खोकला, एकदा, धुळीमुळे. लिहिल्यावर दोनदा वाचलं. बरोबर आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

उगाच हुरहुर लागली आहे. 'धुळीमुळे' हा शब्द मी का लिहिला? धूळ मी पाहिली नव्हती. कडबा होता, ऊन होतं, पण हवा पडलेली होती. रणधीर सरांना फोन केला. ते चाचणीचे प्रमुख. हसले. "शिवरंजनी, सगळ्यांत नीटनेटके कागद तुमचे आहेत. आता तरी नीट झोपा."

सर म्हणाले म्हणजे ठीकच असेल. तरीही दुपारभर दुकानात बसून त्या शब्दाकडं बघत होते. अप्पांनी विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. देवी उठली.

सोमवारी सोलापूरला किती वाजता निघायचं ते सांगायला सास्तूरला गेले. घर एकदम जागं झालं होतं. पलंग पुन्हा आडवे, गाद्या उन्हात, समृद्धी घटाच्या मातीत धान्य पेरत होती, शेजारणी मोठ्यानं बोलत होत्या. सहज मागं गेले. मावशींचं अंथरूण अजून पत्र्याखालीच होतं. अर्पिता चहा घेऊन आली. तिनं तो आईच्या कपात वरून ओतला, कपाला किटली लागू न देता. मग मागं सरली.

एवढंच.

देवीचा नेम आज सकाळीच संपला होता. मग हा कुणाचा नेम?

मी तिथल्या तिथं विचारणार होते. तोंड उघडलंही. मग पहिल्यांदाच वळून बघितलं, ऐकायला कोण कोण आहे ते. सात बायका होत्या. मी सोमवारची वेळ सांगितली आणि निघाले.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दहाला नाही गेले. चारला गेले.

मावशी रानात होत्या. सोयाबीन काढून झालेलं, ढिगाच्या सावलीला एकट्याच बसलेल्या. वारा नव्हता, सगळं रान पिवळं आणि झोपाळू. मला बघून त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"आत्ता कशी गं? तुजी तर दहाची येळ."

मी कपाळाला हात लावला. चांगलं भाजत होतं.

"कधीपासून?"

"पोळ्यापसनं. सकाळी नसतोय. चार वाजले की येतोय."

"आणि खोकला?"

"त्योबी तवापसनंच."

"मावशी, मला सांगायचं ना!"

"सांगितलं आस्तं तर दुसरी सुई दिली आस्तीस?" त्यांनी मूठ वळून माझ्या नाकासमोर धरली. "ही बग. पोर शाळंत जायाची तवा तिची येणी या हातानं घातली, मंग आठ वर्सं चमचा धरता आला न्हाई. तिची हळद मला या हातानं कालवायची हाय. यवढी सुई घेते, लगीन लावते, मंग बगू काय व्हायचं ते."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. कागद पिशवीतच ठेवले. मग हळू आवाजात तोच प्रश्न विचारला.

त्यांनी आधी बांधाकडं बघून घेतलं, कुणी येत नाही ना. मग सांगितलं. सासूला होता. भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडात. मावशी तेव्हा एकवीस वर्षांच्या, नवी नवरी. चार वर्षं एका पत्र्याखाली सगळे. दूध मावशीच पाजायच्या, थुंकी मावशीच पुसायच्या. सासू तिथंच गेली.

"मग जुलैत मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

हिला अजून कळत कसं नाही, अशा नजरेनं त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"आगं येडे, पाव्हण्यांच्या हातात चहा होता. म्या व्हय म्हटलं आस्तं तर कप तसंच ठिवून उठले आस्ते ते. शाळंतल्या मास्तरावानी खड्या आवाजात इचारलीस तू. मंग म्याबी समद्यांना ऐकू जाईल आसंच सांगितलं."

अकरा साक्षीदार. त्या दिवशी मी इथं किती समाधानानं लिहिलं आहे.

बांधाशी स्कूटीजवळ उभं राहून सरांना फोन केला. मागून मावशी ओरडत होत्या, "सोमवारची सुई तेवढी हू दे गं! मंग सांग काय सांगायचं ते!" मी कानावरचा फोन खाली घेतला नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

सोलापूर. छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसात वर एक ढग, कापूस पिंजून चिकटवल्यासारखा. थुंकीतही जंतू सापडले. गोळ्या आजच सुरू. सहा महिने. सर म्हणाले, वेळेत सापडलं. सोमवारी तिप्पट सुई गेली असती तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. काचेवरचा फोटो काढून पाकिटात घातला.

मग म्हणाले, "तुम्ही प्रश्न विचारला होता, उत्तर नाही असं मिळालं. कागद बरोबर आहे. तुमची चूक नाही."

येताना जीपमध्ये मावशी माझ्या शेजारी बसून आल्या. मध्येच झोप लागून त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जाग येताच त्यांनी ते उचलून घेतलं.

घरी आत्याला नाव न घेता सगळं सांगितलं. आत्या लग्न होऊन सास्तूरलाच गेली होती, भूकंपानंतर तीही शेडातच राहिलेली, मग माहेरी परत आलेली. नाव नसतानाही तिला लगेच कळलं.

"द्वारकीची सासू. समद्या शेडाला ठावं होतं की. तिचा खोकला ऐकतच आमी निजायचो."

"आत्या! मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू कवा इचारलंस? तू तर घरात नाव काढू देत न्हवतीस. गुपित, गुपित करून आमाला गप बसवायचीस आन् त्यांच्या अंगणात जाऊन दवंडी द्यायचीस." मग थोडं थांबून, "बंद झालं का गं औषध?"

मी म्हटलं, माहीत नाही. तिनं बोटं पदराखाली घेतली.

७ ऑक्टोबर, सोमवार

आज सुई नाही. कुणालाच नाही.

मीच केलं हे. सरांच्या म्हणण्याप्रमाणं मावशींपुरतं लिहून थांबता आलं असतं. बाकीच्या सातांची सुई आज झाली असती. पण आठवून बघितलं. सातही ठिकाणी मी तसंच विचारलं होतं. कुठं जावई होता, कुठं भावकी, एका ठिकाणी तर भजनी मंडळ. मला वाटायचं, जितकी माणसं तितकं खरं. आता आठही 'नाही' माझ्या लेखी पोकळ आहेत.

अहवालात लिहिलं: "हा प्रश्न मी आठही जणांना इतरांच्या देखत विचारला. त्यामुळे ही उत्तरं धरता येत नाहीत. चूक माझी आहे." चार वेळा लिहिलं. तीन वेळा वाक्यात कारण शिरत होतं, तेवढं काढून टाकलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "हे लिहिल्यावर पुढं तुम्हाला कामावर ठेवतील की नाही, सांगता येत नाही." मग म्हणाले, "पण सातांना पुन्हा विचारायला तुम्हीच जा."

दुकानात अप्पा म्हणाले, "काय लिहायलीस एवढं? वाच बघू मोठ्यानं." दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हटलं, नाही अप्पा. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. त्यांनी साखर तोलता तोलता माझ्याकडं बघितलं आणि पुडी बांधायला लागले.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सातांपैकी पाच झाले. तिघांनी पुन्हा नाही सांगितलं, एका बाईंनी व्हय. त्यांना फोटोसाठी सोलापूरला पाठवलं आहे. फोटो स्वच्छ आला तरी आता त्यांना आधी क्षय रोखायच्या गोळ्या.

पाचवे महांतप्पा, सगळ्यांत चिडलेले. त्यांचे गुडघे या तीन महिन्यांत कित्येक वर्षांनी सरळ झाले होते, आता पुन्हा आखडायला लागले आहेत. म्हणाले, "एका बाईला खोकला झाला म्हनून माजी सुई बंद? हे कुठलं शास्त्र?" मी त्यांना बांधावर घेऊन गेले. बायको मागून येत होती, तिला थांबायची विनंती केली. ती फणकारली, "माज्यापसनं काय लपलंय यांचं?" महांतप्पा मात्र थबकले. बांधावर ते नाही म्हणाले. मी लिहिलं. स्कूटी सुरू करत होते तेव्हा मागून आले, चपला न घालता.

"थांब. ते आदी म्हनलो ते खोड."

पुढचं इथं लिहायचं नाही. कामाच्या कागदात आहे, तिथं पुरे. मावशींचं नाव या वहीत इतक्यांदा आलं आहे तेही चुकलंच. पानं फाडावीत असं दोनदा वाटलं. वही आता कपाटात कुलपात ठेवते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशींच्या घरी मी अजून जाते. चाचणी थांबलेली आहे, माझं काम महिनाअखेरपर्यंतच आहे, पण गोळ्यांची विचारपूस राहिली आहे. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, कुणाला काही नाही. ताप गेला. वजन तीन किलो वाढलं. आता त्यांच्यापासून कुणाला धोका नाही असं सरांनी लिहून दिलं आहे.

हात मात्र परत मिटले. औषध अंगातून उतरलं तशी एकेक बोट आत वळत गेलं. लग्न पुढच्या बुधवारी आहे. पाहुण्यांना काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांचं घर ठरवेल. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला बोलले नाही.

पन्नास दिवस मावशी माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. मी विचारायचे, गोळ्या घेतल्या का? त्या समृद्धीकडं बघून सांगायच्या, "घेतल्या म्हनावं."

आज घरात बारा-पंधरा बायका होत्या. शेवया, रुखवत, हसणं, कुणाच्या तरी नणंदेची टवाळी. हळद समृद्धी कालवणार हे ठरलं आहे. मावशी माजघरात एकट्या बसल्या होत्या आणि गोळ्यांची पट्टी दातांनी फोडत होत्या. मी पट्टी घेऊन गोळ्या काढून दिल्या. त्यांनी पाण्याबरोबर गिळल्या. मग बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "समृद्धी, दार वढून घे गं. आमचं जरा बोलनं हाय."

दार लागलं. बायकांचा आवाज एकदम लांब गेला. खोलीत अंधूक उजेड, भाजलेल्या शेवयांचा वास. मी पिशवीतून कागद काढायला लागले तर त्यांनी कोपरानं पिशवी बाजूला सारली.

"ऱ्हाऊ दे ते. तुला काय व्हायलंय ते सांग. जेवतीस का? झोप लागती का तुला?"

मी म्हटलं, मी ठीक आहे.

"हितं कोन न्हाई," त्या म्हणाल्या. "आता सांग."

मग मी सांगायला लागले. किती वेळ बोलत होते कोण जाणे. शेवया उलथायला कुणीतरी मावशींना दोनदा हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.